झिप फाईलमधला 'पीके' कोण? फिल कॅट्झ, त्याची कोर्ट केस आणि तुमच्या फोनमधलं प्रत्येक ॲप

अँड्रॉइड फोनवर ॲप इन्स्टॉल होतं तेव्हा आत येते ती एपीके फाईल. प्ले स्टोअर हे काम पडद्यामागे उरकतं म्हणून ती आपल्याला दिसत नाही. पण एखाद्या मित्राने थेट ॲप पाठवलं की दिसते. गंमत म्हणजे ही एपीके दुसरंतिसरं काही नसून एक झिप फाईल आहे. नावाच्या शेवटी झिप असं लिहा, बहुतेक फाईल मॅनेजर ती उघडून दाखवतात. आत फोल्डर, चित्रं, कोड, सगळं नीट घडी करून ठेवलेलं असतं.

आता तीच फाईल एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा दिसेल. पण सुरुवातीची दोन रोमन अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येतात. पी आणि के. वर्डची फाईल घ्या, एक्सेलची घ्या, ईपब पुस्तक घ्या, तिथेही हीच दोन अक्षरं.

हा आमिर खानचा पीके नव्हे. ही एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. फिलिप वॉल्टर कॅट्झ, सगळे त्याला फिल म्हणायचे. २००० साली, वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला. तेव्हा आजचे स्मार्टफोन जन्मालाही आले नव्हते, पण आज जगातल्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये त्याच्या नावाचा ठसा आहे. दुसऱ्याचा कोड घेऊन विकल्याबद्दल त्याच्यावर केस झाली होती, ती तो हरल्यातच जमा होता, आणि त्यातूनच झिप जन्माला आली. ही गोष्ट सहसा कॅट्झला हिरो करून सांगितली जाते. मला ती तेवढी सरळ वाटत नाही.

एक एमबी, एक तास

कॅट्झचा जन्म ३ नोव्हेंबर १९६२चा, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. शिक्षणही तिथलंच. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतून त्याने १९८४ साली कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली आणि ॲलन-ब्रॅडली या स्थानिक कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागला. ही कंपनी कारखान्यांतली यंत्रं चालवणारे कंट्रोलर बनवायची. असल्या यंत्रांत मेमरी अगदी तुटपुंजी, त्यामुळे कोड जितका आटोपशीर आणि वेगवान, तितका चांगला. कॅट्झला नेमकं हेच आवडायचं. स्वभावाने लाजाळू, माणसांत फार न मिसळणारा; पण एखादा प्रोग्रॅम अजून थोडा जलद कसा चालेल यात रात्र रात्र घालवणारा.

त्या काळात घरी इंटरनेट नव्हतं. लोक मोडेम लावून टेलिफोन लाईनवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला फोन करायचे. अशा कॉम्प्युटरला बुलेटिन बोर्ड म्हणत. तिथे निरोप ठेवायचे, गेम आणि प्रोग्रॅम डाउनलोड करायचे. मोडेमचा वेग २४०० बिट प्रति सेकंद असला तर भारी समजायचं. हिशोब करून बघा, या वेगाने एक एमबीची फाईल यायला तासाहून जास्त वेळ लागायचा. म्हणजे आज व्हॉट्सॲपवर आपण बघायच्या आधीच येऊन पडणारा एक फोटो, आणि तिकडे तासभर फोन अडकलेला. वर लांब पल्ल्याच्या कॉलचं बिल वेगळं. त्यामुळे फाईल लहान करणं ही हौस नव्हती, त्यात खिशाचा सरळ प्रश्न होता.

या प्रश्नावरचं तेव्हाचं सगळ्यात चालणारं उत्तर म्हणजे एआरसी. न्यू जर्सीतल्या थॉम हेंडरसनने १९८५ साली हा प्रोग्रॅम लिहिला. अनेक फाईल एकत्र बांधायच्या आणि त्याच वेळी दाबून लहान करायच्या, अशी दोन्ही कामं तो एका फटक्यात करायचा. हेंडरसनच्या कंपनीचं नाव होतं सिस्टम एन्हान्समेंट असोसिएट्स, म्हणजे एसईए. नाव भारदस्त असलं तरी कंपनी अगदी छोटी, घरगुती म्हणावी अशी.

आता लायसन्सकडे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं. एआरसी कोणीही वापरावा, कॉपी करून मित्राला द्यावा, बुलेटिन बोर्डवर ठेवावा, याला हेंडरसनची परवानगी होती. पण अटी होत्या. वाटण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि जसा आहे तसाच वाटायचा, त्यात फेरफार करायचे नाहीत. धंद्यासाठी वापरायचा तर कंपनीला पैसे द्यायचे. एवढं असूनही त्याने प्रोग्रॅमचा सोर्स कोड लोकांसमोर ठेवला होता. दुसऱ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवरही एआरसी चालावा हा त्यामागचा हेतू. तो साध्यही झाला, युनिक्सवर आणि अटारी कॉम्प्युटरवर लोकांनी तो नेला.

म्हणजे कोड दिसत होता, वाचता येत होता, पण मोकळा सोडलेला नव्हता. आज याला सोर्स अव्हेलेबल म्हणतात. ओपन सोर्स म्हणायचं तर बदलायची आणि विकायचीही परवानगी लायसन्समध्ये असावी लागते. आजही गिटहबवर एखाद्याचा कोड सगळ्यांना दिसत असेल आणि त्यासोबत लायसन्सची फाईलच नसेल, तर तो उचलून आपल्या ॲपमध्ये घालायचा हक्क कोणाला मिळत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या गडबडीत हे कोण बघतं, ते सोडा.

चुकीचं स्पेलिंग दोन्हीकडे

कॅट्झने एआरसी बघितला आणि त्याच्यातल्या प्रोग्रॅमरला तो हळू वाटला. बरोबरच होतं. एआरसी सी भाषेत लिहिलेला होता. कॅट्झने त्यातले कळीचे भाग असेम्ब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरला थेट समजेल अशा पातळीवर लिहिले. नोकरी सांभाळून घरीच केलेल्या या कामातून पीकेएआरसी तयार झाला. फाईल तीच, फॉरमॅट तोच, पण वेग कितीतरी जास्त. १९८६ साली त्याने पीकेवेअर ही स्वतःची कंपनी काढली, आईही त्यात मदतीला होती. सॉफ्टवेअर शेअरवेअर पद्धतीने विकलं जायचं. आधी फुकट वापरून बघा, आवडलं तर पैसे पाठवा. लोकांना ते फारच आवडलं. बुलेटिन बोर्डवाले भराभर एआरसी सोडून पीकेएआरसीकडे वळले.

हेंडरसनच्या बाजूने बघा. प्रोग्रॅम त्याचा, फॉरमॅट त्याचा, नावातसुद्धा त्याचं एआरसी. आणि धंदा दुसऱ्याचा. कोर्टात जाण्याआधी लायसन्स घेण्याबद्दल बोलणं झालं, ते फिसकटलं. एप्रिल १९८८मध्ये एसईएने केस टाकली. कॉपीराइट मोडला आणि नाव वापरलं, असे दोन आरोप.

जलद प्रोग्रॅम लिहिणं हा गुन्हा नाही. तोच फॉरमॅट वाचणारा दुसरा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने पहिल्यापासून लिहिला असता तर गोष्ट वेगळी होती. पण जॉन नवास नावाच्या स्वतंत्र तज्ज्ञाने दोन्ही प्रोग्रॅमचे कोड शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा पीकेएआरसी हा एआरसीवरूनच बनवल्याचं त्याने सांगितलं. प्रोग्रॅमर स्वतःच्या आठवणीसाठी कोडमध्ये टिपा लिहून ठेवतात. त्या टिपा दोन्हीकडे बऱ्याच ठिकाणी सारख्या निघाल्या. इतक्या सारख्या की हेंडरसनकडून झालेल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा तशाच उतरल्या होत्या. परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघून लिहिताना त्याच्या चुकाही उतरतात, तसलाच प्रकार.

ऑगस्ट १९८८मध्ये तडजोड झाली. कॅट्झने साठ हजार डॉलरच्या वर रक्कम द्यायची, एआरसी हे नाव सोडायचं आणि ठरलेल्या मुदतीनंतर एआरसीला जुळणारे प्रोग्रॅम विकायचे नाहीत. नाव लगेच बदललं, पीकेएआरसीचा पीकेपॅक झाला.

कागदावर एसईए जिंकली होती. बाहेर मात्र भलतंच चित्र होतं. बुलेटिन बोर्डांवर बातमी पसरली ती अशी की एका बड्या कंपनीने एकट्या हुशार पोराला कोर्टात खेचलं, आणि आता फाईलच्या नावातली तीन अक्षरंसुद्धा त्यांना स्वतःच्या मालकीची हवीत. एसईए बडी नव्हती आणि तज्ज्ञाचा अहवाल स्पष्ट होता, पण तो वाचतो कोण! सोशल मीडियाच्या कितीतरी आधी घडलेलं हे ट्रोलिंगच. हेंडरसनवर शिव्यांचा पाऊस पडला आणि त्याच्या प्रोग्रॅमवर बहिष्कार. माझं मत विचाराल तर केसमध्ये हेंडरसनची बाजू खरी होती आणि लोकांनी त्याच्यावर अन्याय केला. पण लोकांना दुसरी एक भीती होती, आणि ती खोटी नव्हती. आपल्या हजारो फाईल ज्या फॉरमॅटमध्ये बांधलेल्या आहेत, तो फॉरमॅटच एका कंपनीच्या मुठीत असला तर?

या भीतीवर कॅट्झने उत्तर काढलं.

कोड माझा, फॉरमॅट सगळ्यांचा

१४ फेब्रुवारी १९८९. पीकेवेअर आणि गॅरी कॉनवेची इन्फिनिटी डिझाइन कन्सेप्ट्स या दोन कंपन्यांनी मिळून जाहीर केलं की झिप नावाचा नवा फॉरमॅट येतोय आणि तो पब्लिक डोमेनमध्ये सोडलाय. झिप हे नाव कॅट्झच्या रॉबर्ट माहोनी या मित्राने सुचवलं होतं. जुन्यापेक्षा हे जलद आहे, एवढंच त्यातून सांगायचं होतं.

यात त्याने काय दिलं आणि काय राखलं, हे वेगळं करून बघायला हवं. पीकेझिप या प्रोग्रॅमचा कोड त्याने दिला नाही, तो बंदच राहिला आणि शेअरवेअर म्हणून विकला गेला. पीकेझिप हे नावही त्याचंच. दिला तो फॉरमॅट. झिप फाईलमध्ये कुठल्या बाइटला काय असतं, फाईलींची यादी कुठे असते, हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून त्याने प्रोग्रॅमसोबत वाटलं. ते वाचून कोणीही झिप बनवणारा किंवा उघडणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा, विकावा, पीकेवेअरला एक पैसा द्यायला नको. आपण झिप फाईल नुसती टॅप केली की आतली यादी क्षणात दिसते ना? ती यादी फाईलच्या शेवटी एकत्र ठेवायची, ही सोय त्या पहिल्या आराखड्यातली. अँड्रॉइडसुद्धा एपीके उघडताना तिथेच बघतं.

ही उदारता होती की हिशोब? दोन्ही, असं मला वाटतं. एकदा कोर्टाची पायरी चढून आलेल्या माणसाला नवा फॉरमॅट हवाच होता, आणि लोक आपल्याकडे यावेत म्हणून दार उघडं ठेवणं शहाणपणाचं होतं. बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्यांनी आपले साठेच्या साठे एआरसीतून काढून झिपमध्ये भरले. एकदोन वर्षांत एआरसी मागे पडला.

योगायोग असा की त्याच महिन्यात, २५ फेब्रुवारी १९८९ला, रिचर्ड स्टॉलमनच्या जीएनयू प्रकल्पाने जीपीएल लायसन्सची पहिली आवृत्ती काढली. कॅट्झच्या बरोबर उलटी वाट. स्टॉलमनचं म्हणणं, कोड घ्या, बदला, विका, पण ज्याला द्याल त्याला सोर्सही द्या आणि तेच हक्क द्या. कॅट्झचं धोरण, कोड मागू नका, पण माझ्याशी जुळणारा तुमचा कोड खुशाल लिहा. आज तुमच्या फोनमध्ये दोघेही आहेत. अँड्रॉइडच्या पोटातलं लिनक्स जीपीएलखाली येतं आणि वरची ॲप झिपमध्ये बांधून येतात.

१९९३ साली कॅट्झचं खरं मोठं काम बाहेर आलं. पीकेझिपच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने डिफ्लेट ही पद्धत आणली. यात दोन जुन्या कल्पनांची जोडी आहे. पहिली लेंपेल आणि झिव्ह या दोघांची, १९७७ची. एखाद्या लेखात महाराष्ट्र हा शब्द दुसऱ्यांदा आला तर तो पुन्हा लिहायचा नाही, इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल, एवढंच लिहायचं. दुसरी हफमनची, १९५२ची. जे वारंवार येतं त्याला छोटा कोड, जे क्वचित येतं त्याला लांब. कॅट्झने ही जोडी अशी बसवली की फाईल छान लहान व्हायची आणि उघडायला वेळही लागायचा नाही.

मग इतरांनी त्याची झिप नेली

आणि इथे चक्र फिरलं. इन्फो-झिप नावाच्या हौशी प्रोग्रॅमरांच्या गटाने कॅट्झचा आराखडा वाचून झिप उघडणारा आणि बनवणारा स्वतःचा मोफत कोड लिहिला. पीकेवेअरच्या कोडला हात न लावता. त्यांच्या लायसन्समध्ये ठराविक अटींवर व्यावसायिक वापरालाही वाट होती. १९९१ साली निको मॅकने विंडोजसाठी विनझिप काढलं. सुरुवातीला ते पीकेझिपलाच दिलेला एक देखणा चेहरा होतं, बटण विनझिपचं आणि आतलं काम पीकेझिपचं. १९९३मध्ये मॅकने इन्फो-झिपचा कोड आत घेतला आणि पीकेझिपची गरजच संपली. विनझिप धडाक्यात खपलं.

कॅट्झ कमांड टाइप करायच्या डॉसच्या दुनियेतला माणूस. विंडोजकडे वळायला त्याने उशीर केला आणि झिप म्हटलं की सामान्य माणसाला विनझिप आठवायला लागलं. एका माणसाने सुरू केलेल्या गोष्टीवर दुसऱ्याने जास्त पैसे कमावले, हे हेंडरसनच्या बाबतीत झालं तसंच कॅट्झच्याही. फरक इतकाच की यावेळी कोणाची चोरी नव्हती. मॅकने जे घेतलं ते घ्यायची परवानगी होती, एकीकडे कॅट्झने १९८९मध्ये दिलेली आणि दुसरीकडे इन्फो-झिपच्या लायसन्सने दिलेली.

असं नाही की कॅट्झने सगळंच वाटून टाकलं. कॉम्प्रेशन करताना मागची अक्षरं पटकन शोधायच्या एका युक्तीवर त्याने १९९१मध्ये अमेरिकन पेटंट मिळवलं होतं. मात्र डिफ्लेटची रचना अशी की ती युक्ती टाळूनही ते लिहिता येतं. जाँ-लू गॅली आणि मार्क ॲडलर यांनी तसंच केलं आणि १९९५मध्ये झेडलिब ही लायब्ररी काढली. तिचं लायसन्स इतकं सैल की विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, काही हरकत नाही. त्याच सुमारास जीआयएफमध्ये वापरलेल्या कॉम्प्रेशनच्या पेटंटवरून युनिसिस कंपनीने पैसे मागायला सुरुवात केली होती. त्याला कंटाळून लोकांनी पीएनजी हा चित्रांचा नवा फॉरमॅट काढला. त्यात कॉम्प्रेशन घातलं ते डिफ्लेटच. मे १९९६मध्ये डिफ्लेट इंटरनेटच्या अधिकृत कागदपत्रांत नोंदलं गेलं. फोनमधला प्रत्येक स्क्रीनशॉट पीएनजी असला तर त्यातही फिल कॅट्झ आहेच.

कॅट्झ स्वतः मात्र तोवर घसरणीला लागला होता. पैसा भरपूर आला होता, पण कंपनी चालवण्यात त्याला रस नव्हता. आईशी बिनसलं, तिला कंपनीतून बाहेर पडावं लागलं. दारूचं व्यसन वाढत गेलं, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस झाल्या. शेवटी तर स्वतःचं घर सोडून स्वस्त मोटेलमध्ये राहायचा. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या अशाच एका खोलीत तो मृतावस्थेत सापडला. व्यसनाने शरीर आतून पोखरलं होतं. त्याच्या शेवटाबद्दल नेटवर चवीने लिहिलेलं बरंच सापडेल, मला ते इथे पुन्हा लिहावंसं वाटत नाही.

पीकेवेअर कंपनी नंतर विकली गेली, आजही आहे, आणि झिपचा तो आराखडा अजूनही तीच प्रकाशित करते, कोणालाही मोफत.

या भांडणाच्या नव्या आवृत्त्या अधूनमधून निघतातच. २०२१मध्ये इलॅस्टिकने ॲमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्या आपलं सॉफ्टवेअर घेऊन विकतात म्हणून लायसन्स आवळलं, ॲमेझॉनने जुन्या मोकळ्या कोडवरून ओपनसर्च काढलं. २०२४मध्ये रेडिसने तेच केलं आणि लगेच वाल्की निघालं. तिथे जुन्या लायसन्सने विकायची परवानगी खरोखर दिलेली होती, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका शोधायला तज्ज्ञ बोलवावा लागला नाही.

राहिला थॉम हेंडरसन. त्याने एसईए १९९२मध्ये एका जपानी कंपनीला विकली. कॅट्झसारखं त्याचं नाव कुठल्या फाईलच्या सुरुवातीला सापडत नाही. पण एआरसी पूर्ण मेला नाही, जुन्या फाईल उघडण्यापुरता तो अजून लागतो. डेबियन लिनक्सवर आज तो एका कमांडने इन्स्टॉल होतो, सोर्स कोडसकट, आणि त्याचं लायसन्स आहे जीपीएल. बदलायला आणि विकायला आता परवानगी आहे.